पुण्यात वन बीएचके भाड्याने घेताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या मीटर रीडिंगपर्यंत

पुण्यात आल्यापासून मी पाच भाड्याच्या घरांत राहिलो. तीन घरांचं डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, एकाचं निम्मं मिळालं आणि एकाचं 'पुढच्या आठवड्यात देतो' या वाक्यातच राहिलं. आता मागे वळून पाहताना कळतं, की पैसे परत येणार की नाही हे पाचही वेळा घर घेतानाच्या आठवड्यातच ठरलं होतं. काय बघितलं, काय लिहून घेतलं आणि कशाचा फोटो काढला, यावर सगळं अवलंबून होतं. खाली लिहिलेलं पुण्याच्या अनुभवावरून आहे. कायद्याचा भाग महाराष्ट्रभर सारखाच, त्यामुळे मुंबई, ठाणे, नाशिकलाही चालेल.

आधी खिशात किती लागतात ते मोजा

जाहिरातीतला आकडा म्हणजे फक्त भाडं. समजा भाडं २०,००० आहे. पुण्यात डिपॉझिट बहुतेक दोन ते तीन महिन्यांचं मागतात, तीन धरलं तर ६०,०००. पहिल्या महिन्याचं भाडं २०,०००. ब्रोकर असेल तर त्याचं एक महिन्याचं भाडं, आणखी २०,०००. ॲग्रीमेंटचा खर्च, टेम्पो, हमाल, काही सोसायट्या घेतात ते शिफ्टिंगचे पैसे, एक गॅस शेगडी, पडदे आणि पडद्यांचे रॉड. म्हणजे वीस हजारांच्या घरासाठी पहिल्या आठवड्यात लाखाच्या वर रक्कम हाताशी हवी. हा हिशेब न करता घरं बघायला निघालं की आवडलेल्या घरासाठी मित्रांना फोन करत बसावं लागतं.

भाड्यात मेंटेनन्स धरलाय का, हे पहिल्याच फोनवर विचारा. साधारणपणे तो मालक भरतो, पण 'भाडं अठरा, मेंटेनन्स वेगळा' असं घर बघून झाल्यावर सांगणारेही आहेत. पार्किंगचंही तसंच. 'पार्किंग आहे' याचा अर्थ सोसायटीला पार्किंग आहे, तुमच्या स्कूटरला जागा आहे असा नव्हे.

मध्येच एक गैरसमज. केंद्राच्या २०२१च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नसावं असं आहे, आणि त्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो. तेव्हा तो मेसेज दाखवून मालकाशी वाद घालू नका, सरळ घासाघीस करा. घर दोन महिने रिकामं पडलं असेल तर तीनचं डिपॉझिट दोनवर येतं.

भाग ठरवताना

नकाशावर अंतर बघू नका, वेळ बघा. वाकडहून हिंजवडी जवळ दिसतं, पण सकाळी नऊला एकदा जाऊन या. ऑफिस मेट्रोच्या मार्गावर असेल तर कोथरूड, कर्वेनगर, वनाजच्या आसपास घर घेणाऱ्याला रामवाडीपर्यंत आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गावर राहणाऱ्याला शिवाजीनगरपर्यंत रोजचं पेट्रोल वाचतं. भाडं दोन हजार जास्त असलं तरी हिशेब जमतो.

घरं बघायची वेळही महत्त्वाची. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजमुळे सगळे एकदम घर शोधतात, मालक ऐटीत असतात. निवड करायला मिळाली तर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. पावसात घर बघितलं की भिंती खरं बोलतात.

ब्रोकर, ॲप आणि पहिला फोन

ब्रोकरला नावं ठेवायची पद्धत आहे, पण चांगला ब्रोकर एका शनिवारात सहा घरं दाखवतो आणि मालकाचा स्वभावही कानात सांगतो. त्याला पैसे कधी द्यायचे, ते मात्र आधी ठरवा. ॲग्रीमेंट झाल्यावर, त्याआधी नाही. आणि अकरा महिन्यांनी करार पुन्हा झाला तर पुन्हा ब्रोकरेज मागणार का, हेही तेव्हाच विचारा. काही जण अर्धं मागतात. मी एकदा दिलंय, दुसऱ्यांदा दिलं नाही.

ॲपवरच्या जाहिरातींत एक जुना सापळा आहे. घर फारच स्वस्त, फोटो फारच सुंदर, मालक 'सैन्यात' आणि बदलीवर. घर बघायला गेट पास लागतो म्हणून आधी थोडे पैसे भरा, भेटीनंतर परत देतो, असं तो म्हणतो. किंवा क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील' म्हणतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचे जाणार. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

फोनवर 'फॅमिली का बॅचलर?' हा प्रश्न येणारच. कधी आडनावही विचारतात, कधी नॉनव्हेजबद्दल. चीड येते, पण थाप मारू नका. खोटं बोलून घेतलेल्या घरात अकरा महिने कुकरची शिट्टी ऐकूनही दचकायला होतं. खरं सांगा, नाही म्हणणाऱ्याला सोडून द्या, आणि ब्रोकरला सांगा की पुढच्या वेळी अशी घरं दाखवू नकोस.

घर बघायला गेल्यावर

इथे घाई करू नका. ब्रोकर पाच मिनिटांत 'हॉल, किचन, बेडरूम, टॉयलेट-बाथरूम वेगळं' म्हणून मोकळा होतो. तुम्ही निदान अर्धा तास थांबा, शक्यतो उजेडात.

सुरुवात पाण्यापासून. सगळे नळ एकदम उघडा, फ्लश करा आणि टाकी किती वेळात भरते ते बघा. मग नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांशी वाकून बघा. पांढरा, खरखरीत थर दिसला तर बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. ते वापरायला चालतं, पण गिझर लवकर जातो आणि पिण्यासाठी प्युरिफायर लागतो, म्हणजे तो खर्च धरा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं, हे दोन मिनिटांत कळतं. दाराकडे येत असेल तर रोज वायपर मारायची तयारी ठेवा. नहाणी ट्रॅपचा वास येतो का तेही तेव्हाच कळेल.

पाण्याबद्दल मालकाला विचारून उपयोग नाही, तो 'चोवीस तास' असंच सांगतो. खाली उतरून वॉचमनला विचारा. माझं एका वॉचमनशी झालेलं बोलणं असं होतं:

"दादा, पाण्याचं कसं आहे इथं?"

"आता काय नाय त्रास. मार्चनंतर बघा मग. दिवसाला तीन-चार टँकर लागत्यात."

"आणि कॉर्पोरेशनचं?"

"येतं की. सकाळी. गुरुवार सोडून."

दोन उत्तरांत त्याने जे सांगितलं ते मालकाने अर्ध्या तासात सांगितलं नव्हतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये जातो की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हा त्यापुढचा प्रश्न. तो मात्र मालकालाच विचारायचा.

मग भिंती. माझं तिसरं घर सिंहगड रोडच्या बाजूला होतं. मार्चमध्ये बघितलं. हॉलचा रंग जुना, मळकट, पण बेडरूमची एकच भिंत ताजी, पांढरीशुभ्र. मला ते बरंच वाटलं, मालकाने काळजी घेतलीय म्हणून. त्याच भिंतीला मी कपाट लावलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कपाटातल्या चादरींना कुबट वास यायला लागला. कपाट ओढून पाहिलं तर मागे कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी, आणि रंगाचे पापुद्रे नखाने ओढले तरी निघत होते. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं, त्यात वरच्या फ्लॅटचा पाइप. मालक म्हणाला वरच्यांनी करायचं, वरचे म्हणाले सोसायटीने करायचं, सोसायटी म्हणाली पावसाळा झाल्यावर बघू. तेव्हापासून मी एकच भिंत नवी रंगवलेली दिसली की तिच्यावर हाताचा पालथा पंजा ठेवून बघतो. गार आणि ओलसर लागली तर पुढचं घर. पंखा, टीव्ही युनिट, मोठं कॅलेंडर यांच्या मागेही डोकवायचं, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतींची पावडर बोटाला लागते का तेही बघायचं.

वीज. प्रत्येक बटण दाबून बघा. ओट्याजवळ मिक्सरसाठी आणि फ्रीजच्या जागी सॉकेट आहे का ते बघा, नाहीतर एक्स्टेन्शनच्या वायरींत संसार करावा लागतो. खाली मीटरच्या खोलीत जा. घरातला मेन स्विच बंद करायला सांगा आणि तुमचं म्हणून दाखवलेलं मीटर थांबतं का बघा. हे फार जणांना विचित्र वाटतं, पण दुसऱ्याचा जिना किंवा बोअरची मोटर आपल्या मीटरवर चालत असल्याची उदाहरणं आहेत. शेवटच्या बिलाचा फोटो घ्या. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो त्यांच्या ॲपवर टाकला की थकबाकी दिसते. बोलताना सगळे अजून जुन्या वीज मंडळाच्या नावाने 'एमएसईबीचं बिल'च म्हणतात, त्याने गोंधळू नका.

बाकीचं पटापट. मोबाइलला बेडरूममध्ये रेंज आहे का. खिडक्यांना जाळी आहे का, संध्याकाळी डास येतात. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत मावतं का, तिथे नळ आणि सांडपाण्याचं भोक आहे का. पाइप गॅस आहे की सिलिंडर. लिफ्टला बॅकअप आहे का. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत ती भट्टीसारखी तापलेली असते. वरच्या मजल्यावर टेरेस असेल तर गळतीची चौकशी नक्की करा.

घर आवडलं तर एकदा रात्री नऊनंतर त्या गल्लीत चक्कर मारा. दिवसा शांत दिसणारी गल्ली रात्री मंगल कार्यालयाच्या डीजेची असू शकते.

टोकन

टोकन, म्हणजे घर धरून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम, छोटं द्या आणि मालकाच्या खात्यावर द्या. ब्रोकरच्या खात्यावर किंवा रोख देऊ नका. पैसे पाठवताना शेऱ्यात फ्लॅट नंबर लिहा आणि लगेच मालकाला मेसेज करा: भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, या तारखेपासून राहायला येणार, टोकन इतकं दिलं, ते डिपॉझिटमध्ये धरायचं. त्याचं 'ओके' आलं की बस.

त्याआधी समोरचा माणूस खरंच मालक आहे याची खात्री करा. इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), मिळकतकराचं बिल, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती आणि लाइट बिल, यांतल्या दोन कागदांवर एकच नाव दिसलं पाहिजे. पुण्यात बऱ्याच फ्लॅटचे मालक परदेशात असतात आणि व्यवहार भाऊ, काका किंवा सासरे बघतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यांच्याकडे मुखत्यारपत्र हवं. 'माझाच भाऊ आहे, विश्वास ठेवा' हा कागद होत नाही.

आणि हेवी डिपॉझिट. म्हणजे पाच-दहा लाख द्या, भाडं शून्य किंवा नावापुरतं. ऐकायला गोड वाटतं. पण त्या घरावर कर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक घर ताब्यात घेते आणि तुम्ही मालकाच्या मागे धावत राहता. मी या वाटेला गेलो नाही आणि कुणाला जा म्हणणारही नाही.

ॲग्रीमेंट

'नोटरी करून घेऊ, स्वस्तात होतं' असं कुणी म्हटलं तर ठाम नकार द्या. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तरीही काही मालक टाळतात. पुण्यात याचं एक स्थानिक कारण आहे. मालक स्वतः राहत असेल तर महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते आणि घर भाड्याने दिल्याचं उघड झालं की ती जाते. ते त्याचं गणित आहे, तुम्ही त्यासाठी विनानोंदणी राहायचं कारण नाही. पत्त्याचा पुरावा, बँक, नव्या गॅसचं कनेक्शन, ऑफिसचा एचआरए (घरभाड्यावरची करसवलत), सगळीकडे हा नोंदलेला करारच चालतो.

नोंदणीसाठी आता कचेरीत रांग लावायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेतून घरबसल्या होते. हे काम करणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार आधारवर अंगठा देता, फोटो निघतो आणि काम झालं. मालक वेगळ्या शहरात असेल तर त्याचा अंगठा तिकडे घेता येतो. अंगठा उमटत नसेल तर हात धुऊन, पुसून पुन्हा ठेवा. आमच्या एका मालकीणबाईंचे ठसे भांडी घासून इतके झिजले होते की दहा बोटं करून झाली तेव्हा कुठे एक लागलं.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं, पण ते कशावर, हे एजंट सांगत नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि ६०,०००वरचं व्याज साधारण ५,५००. एकूण २,२५,५००चे ०.२५ टक्के म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यावर एजंटची मजुरी. हे आकडे माहीत असले की कुणी 'सरकारी फीच चार हजार आहे' म्हणाला तर हसू येतं. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे.

अकरा महिनेच का, हाही प्रश्न विचारून बघा. इतर राज्यांत नोंदणी टाळण्यासाठी वर्षाच्या आतला करार करतात. आपल्याकडे अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच, मग अकरा ही नुसती सवय उरली. मुद्रांक शुल्काच्या याच दराने पाच वर्षांपर्यंतचा करार होतो. मालकाशी जमलं तर ३३ महिन्यांचा करा, दर अकरा महिन्यांनी वाढ किती ते आताच लिहून टाका. पाच टक्के, सात टक्के, काय ठरेल ते. दरवर्षीची कटकट आणि ब्रोकरचा फोन, दोन्ही थांबतात.

मसुदा एजंट पाठवतो तो बहुतेक मागच्या कुणाच्या करारात नावं बदलून केलेला असतो. पूर्ण वाचा. माझ्या एका मसुद्यात माझ्या वन बीएचकेला दोन बाथरूम होती. या जागांवर थांबा:

- लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिने, आणि तो दोघांना लागू आहे की फक्त तुम्हाला.
- नोटीस एक महिन्याची आहे ना, आणि मेसेज किंवा ईमेलवर दिलेली चालते का.
- घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत. 'किल्ली देताना' असं लिहून घ्या.
- रंगाचे पैसे कापणार का. कापणार असतील तर रक्कम आताच लिहा. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द खोडायला लावा.
- गिझर, पंखे, नळ बिघडले तर कोण दुरुस्त करणार. किरकोळ तुमचं, मोठं आणि गळती-प्लंबिंग मालकाचं, अशी वाटणी योग्य.
- घरातल्या वस्तूंची यादी जोडलेली आहे का.

१९९९च्या त्याच कायद्याचं कलम २४ मात्र लक्षात असू द्या. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. ते मालकाच्या बाजूने आहे आणि मला ते रास्त वाटतं.

भाडं बँकेतूनच द्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल आणि एचआरए घ्यायचा असेल तर ऑफिस मालकाचा पॅन मागतं. 'पॅन देणार नाही, रोख द्या' म्हणणारा मालक असेल तर तेवढी सवलत गेली असं धरून भाडं ठरवा.

सोसायटी आणि पोलीस

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे. ऑनलाइन होतं, पण प्रत्यक्षात एजंटच करतो. पावतीची प्रत मागून घ्या. सोसायटीला कराराची आणि त्या पावतीची प्रत द्यावी लागते. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. २००१च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ते मालकाने भरायचं असतं. सेक्रेटरी तुमच्याकडे मागायला आले तर नम्रपणे मालकाचा नंबर द्या.

किल्ली घेताना

सामान आत येण्याआधी, रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. दारातून आत, प्रत्येक भिंत, छत, फरशी, ओटा, सिंकच्या खालचा भाग, कमोड, खिडक्यांच्या काचा. फरशीला तडा असेल तर जवळून. मीटरच्या आकड्याचा फोटो वेगळा. हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा: 'काका, आज ताबा घेतला. बेसिनचा नळ गळतोय आणि बेडरूमच्या एका काचेला तडा आहे, तेवढं नोंदीसाठी पाठवतोय.' सूर भांडणाचा नको. फोन बदलला तरी तो मेसेज राहील अशा ठिकाणी जपून ठेवा.

किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे आहेत ते विचारा. लॅच बदलायची परवानगी मागा. चार-पाचशे रुपयांत रात्री नीट झोप लागते.

सोडताना

नोटीस मेसेजने द्या, फोनवर देऊ नका. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणायची युक्ती अनेक भाडेकरू वापरतात. मालकाने आधीच्या कुणाचे पैसे बुडवल्याचं कळलं असेल तर मी ती समजू शकतो, पण करारात ती बसत नाही आणि वाद झाला तर तुमची बाजू लंगडी पडते. त्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात मालकाला घरी बोलवा, चहा द्या आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ त्याच्यासमोर लावा.

माझ्या चौथ्या घरी असंच झालं. काका बेसिनजवळ थांबले आणि म्हणाले, "हा नळ तुमच्या वेळी बिघडला, पंधराशे कापतो." मी फोन काढला, ताब्याच्या दिवशीचा मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, तारीख वाचली, नळाकडे परत एकदा बघितलं. मग खाली जाऊन दोघांनी मीटरचा फोटो काढला, उरलेल्या दिवसांची वीज अंदाजाने दोनशे ऐंशी धरली. पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा किल्ली अजून माझ्याच हातात होती.